पायावरच्या न्हाणापासून शीघ्र हस्तक्षेप केंद्रापर्यंत : अहमदनगर जिल्ह्यातील बालभौतिकोपचाराची ऐतिहासिक वाटचाल

प्रस्तावना

महाराष्ट्रातील सार्वजनिक आरोग्याचा इतिहास प्रामुख्याने साथींचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. प्लेग, देवी, पटकी यांच्या नोंदी सरकारी दप्तरात विपुल असल्याने अभ्यासकाची पावले साहजिकच तिकडे वळतात. जे मूल आठव्या महिन्यातही मान धरत नाही, वर्ष उलटले तरी बसत नाही, ज्याचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात, त्याची मात्र दप्तरात जागा नाही. १८७२ ते १९३१ या काळातील जनगणनांमध्ये शारीरिक व मानसिक व्यंगांची मोजदाद झाली. परंतु तीत वेडे, मूकबधिर, आंधळे व कुष्ठरोगी एवढेच वर्ग होते. पांगळे मूल वसाहतकालीन शासनाने मोजलेच नाही. स्वातंत्र्यानंतरही प्रथम १९८१ मध्ये हा प्रश्न जनगणनेत आला, १९९१ मध्ये तो वगळला गेला आणि २००१ मध्ये पुन्हा समाविष्ट झाला. तेव्हापासून ‘हालचालीतील अपंगत्व’ असा एक रकाना आहे खरा, पण त्यात पोलिओने लुळा झालेला पाय आणि जन्मवेळी मेंदूला इजा झालेले मूल एकाच आकड्यात जमा होतात.

प्रस्तुत निबंधात अहमदनगर जिल्ह्याच्या संदर्भात अशा मुलांच्या उपचाराचा, म्हणजेच बालभौतिकोपचाराचा (रूढ शब्दात लहान मुलांच्या फिजिओथेरपीचा) मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे. २०२४ मध्ये जिल्ह्याचे नामांतर ‘अहिल्यानगर’ असे झाले. ऐतिहासिक विवेचनात पूर्वीचे नाव वापरले आहे. सुमारे १७,००० चौरस किलोमीटर विस्ताराचा, चौदा तालुक्यांचा हा राज्यातील क्षेत्रफळाने सर्वांत मोठा जिल्हा होय. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या ४५ लाखांहून अधिक होती. या विस्तारामुळे येथे उपचाराचा प्रश्न हा आधी अंतराचा प्रश्न ठरतो. मुलाला दररोज कोणाचे हात लागतात यावरच त्याचे पुढचे चालणे बव्हंशी अवलंबून राहिले आणि शास्त्राला व शासनाला ही गोष्ट फार उशिरा उमगली, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

घरातील हात

भौतिकोपचार हा शब्द येण्यापूर्वीही मराठी घरात बाळाच्या शरीरावर रोज काम होत असे. बाळ-बाळंतिणीचे अंग चोळायला येणारी बाई न्हाणीत पाटावर पाय लांब करून बसे, बाळाला पायांवर पालथे घेई, पाठीला, खुब्यांना, पोटऱ्यांना तेल जिरवी. मग उताणे करून उजवा हात डाव्या पायाला आणि डावा हात उजव्या पायाला लावी. पुढे ऊन पाणी, टाळूवर तेल, ओवा-वावडिंगाची धुरी. आजच्या शास्त्राच्या भाषेत सांगायचे तर शरीरातील बहुतेक सर्व सांध्यांना त्यांच्या पूर्ण कक्षेत रोज एकदा हालचाल मिळे आणि बाळ काही वेळ पालथे राही. पालथे राहण्याने मान व पाठ सावरण्याचे बळ येते, हे बालभौतिकोपचाराचे आजही प्राथमिक सूत्र आहे.

याहून महत्त्वाची बाब अशी की, ही बाई आयुष्यभरात शेकडो बाळे हाताळीत असे. एखादे पोर ताठ आहे, एखादे अंगात जीव नसल्यासारखे सैल आहे, एखाद्याची मूठ उघडतच नाही, हे तिच्या हाताला सर्वांत आधी कळण्याची शक्यता होती. वैद्यकीय परिभाषेत ज्याला स्नायूंचा ताण म्हणतात त्याची ही अलिखित परीक्षाच होय. दुर्दैवाने ती अलिखितच राहिली. तिला आढळलेली गोष्ट पुढे कोणाला सांगायची, याची व्यवस्था समाजाने निर्माण केली नाही. बहुधा ते निदान न्हाणीच्या उंबऱ्यापाशीच थांबले असावे.

बालविकासाचे टप्पेही भाषेने नेमके टिपलेले दिसतात. मान धरणे, कुशीवर वळणे, पालथे पडणे, पोटावर सरकणे, रांगणे, धरून उभे राहणे, डुगडुगत पाऊल टाकणे यांपैकी प्रत्येकाला स्वतंत्र शब्दप्रयोग आहे. चालायला शिकणाऱ्या मुलासाठी सुताराकडून तीन चाकांचा पांगुळगाडा करून घेत. या खेळण्याच्या नावातच ‘पांगुळ’ आहे, ही गोष्ट लक्षणीय आहे. जाता जाता हेही नोंदवायला हवे की, पांगुळगाड्यात मूल स्वतःच्या पायांवर वजन घेऊन उभे राहते व गाडा ढकलते. अलीकडे बाजारात मिळणाऱ्या, मुलाला आत बसवून फिरविणाऱ्या गोल वॉकरला मात्र बालरोगतज्ज्ञांचा विरोध आहे. कॅनडाने तर २००४ मध्ये त्यावर बंदीच घातली.

परंतु या परंपरेचे गुणगान करून थांबणे इतिहासाला धरून होणार नाही. उशिराचे टप्पे ‘याचा बापही उशिराच चालला’ या समजुतीत विरून जात. मढीच्या कानिफनाथाला किंवा मोहट्याच्या देवीला नवस बोलला जाई. नवसाने आईला धीर मिळत असेलही, पण वाट पाहण्यात मुलाचे पहिले वर्ष निघून जाई. पोलिओच्या बाबतीत तर मालिश प्रत्यक्ष अपायकारक ठरे. या आजाराच्या तापात स्नायूंना पूर्ण विश्रांती हवी असते. जोराने चोळल्याने वा श्रमाने लुळेपणा वाढू शकतो. त्यातच तापासाठी कमरेवर इंजेक्शन टोचून घेण्याची खेड्यातील रीत नडली. पोलिओच्या संसर्गात दिलेले इंजेक्शन नेमक्या त्याच पायाला लुळेपणा आणू शकते, हे वैद्यकीय संशोधनातून सिद्ध झाले आहे. ‘सुई दिली आणि पाय गेला’ अशी तक्रार करणाऱ्या आईचे म्हणणे अज्ञानाचे मानले गेले. ते पूर्णपणे चुकीचे नव्हते.

पोलिओने घडविलेली विद्या

आधुनिक भौतिकोपचाराची व्यावसायिक सुरुवात १८९४ मध्ये लंडनमध्ये मालिश करणाऱ्या प्रशिक्षित स्त्रियांच्या संघटनेने झाली. महायुद्धांतील जखमी सैनिकांनी तिला काम दिले आणि पोलिओच्या साथींनी बालरुग्ण दिले. एलिझाबेथ केनी (१८८०-१९५२) या ऑस्ट्रेलियन परिचारिकेने लुळे अवयव प्लास्टरमध्ये जखडून ठेवण्याऐवजी ऊन शेक व स्नायूंचे पुनर्शिक्षण यांचा आग्रह धरला. वैद्यकीय वर्तुळात तिला कडवा विरोध झाला, तरी उपचाराची दिशा पालटली.

ही विद्या मुंबईत रुजली तीही एका आईच्या धडपडीतून. फातेमा इस्माइल यांनी आपल्या मुलीला झालेल्या पोलिओच्या अनुभवातून १९४७ मध्ये अपंग मुलांच्या पुनर्वसनाचे संस्थात्मक कार्य सुरू केले. १९५८ मध्ये त्यांना ‘पद्मश्री’ देऊन गौरविण्यात आले. कमला निंबकर या जन्माने अमेरिकन असलेल्या व विवाहाने मराठी झालेल्या विदुषींनी १९५० मध्ये के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू केले. १९५२-५३ च्या सुमारास त्याच परिसरात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने भौतिकोपचाराचे देशातील पहिले विद्यालय उभे राहिले. १९५५ मध्ये हाजीअली येथे अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था अस्तित्वात आली.

अवघ्या आठ वर्षांत झालेली ही उभारणी कौतुकास्पद आहे. पण ती सर्व एका शहरात झाली. शेवगाव किंवा कर्जत तालुक्यातील शेतमजुराने पोलिओ झालेल्या मुलाला हाजीअलीला न्यायचे म्हणजे एस. टी., रेल्वे, मुंबईत उतरायला ओळखीचे घर आणि तितक्या दिवसांच्या मजुरीवर पाणी. पुणेही नगर शहरापासून सुमारे १२० किलोमीटरवर. तालुक्याच्या गावापासून त्याहून दूर. शिवाय भौतिकोपचार हा एका भेटीचा उपचार नव्हे. लोखंडी पट्ट्यांचे व चामड्याचे कॅलिपर मूल वाढले की आखूड पडते. ते बदलले नाही तर सांधा आखडतो आणि आधारासाठी दिलेले साधन माळ्यावर जाते.

यातूनच शिबिरांची प्रथा फोफावली. सेवाभावी मंडळांनी तालुक्याच्या ठिकाणी तपासणी करावी, मापे घ्यावीत, पुढच्या खेपेस कॅलिपर व कुबड्या वाटाव्यात, असा तो क्रम असे. १९७५ मध्ये जयपूर येथे स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीच्या कार्याने या पद्धतीला देशभर बळ मिळाले. अनेकांना शिबिरांनी उभे केले हे निर्विवाद आहे. तथापि शिबिराचे यश वाटलेल्या साधनांच्या संख्येत मोजले गेले. सहा महिन्यांनी ते साधन मुलाच्या पायात आहे का, हे पाहण्यासाठी कोणी फिरकले नाही. हा दोष व्यक्तींचा कमी आणि पद्धतीचा अधिक होता.

पोलिओने या विद्येची दृष्टीही ठरवून टाकली. पोलिओत मेंदू शाबूत असतो, संवेदना शाबूत असतात. मज्जारज्जूतील चेतापेशी नष्ट झाल्याने ठरावीक स्नायू निकामी होतात. म्हणून एकेका स्नायूचे बळ शून्य ते पाच अशा श्रेणीत तपासायचे, उरलेल्यांना व्यायाम द्यायचा, सांधा आखडू द्यायचा नाही आणि उणीव कॅलिपरने भरून काढायची. हे तर्कशुद्ध होते. मात्र ज्या मुलाचे स्नायू धडधाकट आणि त्यांना मिळणारा मेंदूचा आदेशच बिघडलेला, त्याला ही रीत पुरेशी नव्हती. पोलिओच्या सावलीत हे दुसरे मूल बराच काळ दिसले नाही.

जामखेडचा धडा

याच काळात जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला एक निराळा प्रयोग आकारास येत होता. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने जामखेड येथे ‘सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प’ सुरू केला. दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे पदवीधर. प्रदेश अवर्षणप्रवण, पाठोपाठ १९७२ चा दुष्काळ आला. आरोळे दांपत्याने रुग्णालय बांधलेच, पण कामाचा भार ठेवला तो गावाने निवडलेल्या आरोग्यसेविकांवर. यांत बहुसंख्य स्त्रिया निरक्षर वा अल्पशिक्षित होत्या, अनेक दलित समाजातील होत्या. जामखेडला येऊन शिकायचे, गावी जाऊन करायचे, अडले ते घेऊन पुन्हा जामखेडला यायचे, असे हे शिक्षण वर्षानुवर्षे चाले. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लोकसहभागाच्या प्रयोगांवर काढलेल्या ग्रंथात जामखेडचा समावेश झाला. १९७८ च्या अल्मा-आटा परिषदेत प्राथमिक आरोग्यसेवेची जी संकल्पना मांडली गेली, तिच्या आधारभूत अनुभवांपैकी हा एक होता. १९७९ मध्ये या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

बालभौतिकोपचाराच्या दृष्टीने जामखेडकडे फारसे पाहिले गेलेले नाही. या प्रकल्पाची कीर्ती बालमृत्यू व कुष्ठरोग यांवरील कामासाठी आहे. परंतु येथे ‘जयपूर फूट’ व आधारसाधने तयार करणारी कार्यशाळा उभी राहिली आणि साधन देणारी जागा व गावातील घर यांच्यामध्ये आरोग्यसेविका हा दुवा निर्माण झाला. शिबिराच्या पद्धतीत नेमका हाच दुवा नव्हता. लसीकरणाने पोलिओ टाळणे, सुईणीला प्रशिक्षण देऊन अवघड बाळंतपण वेळीच ओळखणे आणि तरीही अपंगत्व आलेच तर घरी जाऊन पाहणे, या तिन्ही गोष्टी एकाच स्त्रीच्या हाती आल्या. न्हाणीत बाळ हाताळणाऱ्या बाईचे अनुभवज्ञान पूर्वी उंबऱ्यापाशी थांबत असे. त्याला येथे प्रथमच पुढची वाट मिळाली.

जगातही तेव्हा असाच विचार चालू होता. डेव्हिड वर्नर यांचे खेड्यातील अपंग मुलांविषयीचे पुस्तक १९८७ मध्ये मेक्सिकोच्या डोंगराळ भागातील अनुभवावर लिहिले गेले. समाजाधारित पुनर्वसनाची जागतिक आरोग्य संघटनेची प्रशिक्षणपुस्तिका १९८९ ची. जामखेडच्या कामाची सुरुवात त्याआधी जवळपास दोन दशके झाली होती. मात्र प्रकल्पाबाहेरच्या तालुक्यांना ही पद्धत लाभली नाही, हेही तितकेच खरे.

पोलिओ ओसरला, दुसरे मूल दिसू लागले

१९८५ च्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमाने आणि १९९५ पासूनच्या पल्स पोलिओ मोहिमेने चित्र पालटले. देशातील अखेरचा नैसर्गिक पोलिओरुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावडा येथे आढळला व २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. याच कालखंडात नगर जिल्ह्यात भौतिकोपचाराचे शिक्षण येऊन पोहोचले. प्रवरा परिसरात विठ्ठलराव विखे पाटील यांनी धनंजयराव गाडगीळ यांच्या सहकार्याने उभारलेल्या सहकारी साखर कारखान्यातून जी संस्थात्मक संपन्नता आली, तिच्यातूनच लोणी येथे रुग्णालय, १९८४ मध्ये ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आणि पुढे भौतिकोपचार महाविद्यालय निर्माण झाले. नगरजवळ विळद घाटातही भौतिकोपचार महाविद्यालय आले. मुंबईशिवाय न मिळणारी विद्या जिल्ह्यातच शिकविली जाऊ लागली.

या महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या पिढ्यांसमोर आलेले मूल मात्र पोलिओचे नव्हते. ते सेरेब्रल पाल्सीचे, कमी दिवसांचे, जन्मतःच न रडलेले, कावीळ डोक्यात गेलेले, विकासात मागे पडलेले मूल होते. इंग्लंडमध्ये विल्यम लिटल यांनी १८६२ मध्येच अवघड जन्म आणि मुलाच्या अवयवांतील ताठरपणा यांचा संबंध दाखविला होता. मुंबईत मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये ‘स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया’ स्थापन केली. कायद्याच्या भाषेत १९९५ च्या अधिनियमाने सेरेब्रल पाल्सीला चलनवलनविषयक अपंगत्वाच्या व्याख्येत घेतले, १९९९ मध्ये राष्ट्रीय न्यास आला आणि २०१६ च्या अधिनियमाने एकवीस प्रकारांच्या यादीत तिला स्वतंत्र स्थान दिले. ग्रामीण भागात हे मूल पूर्वीही होतेच. फार अशक्त असे ते जगत नसे, आणि जगले तर त्याला ‘पोलिओच’ म्हटले जाई. नवजात अर्भक कक्षांमुळे ‘काचेत ठेवलेली’ बाळे आता वाचतात. त्यांपैकी काहींना पुढे दीर्घकाळ उपचार लागतो. वाचविण्याची सोय जितक्या वेगाने आली तितक्या वेगाने पाठपुराव्याची सोय आली नाही.

या मुलांसाठी पद्धतही वेगळी हवी होती. बर्लिनहून लंडनला गेलेल्या बर्टा व कारेल बोबाथ यांनी १९५१ मध्ये तेथे केंद्र काढून हाताळणीचे तंत्र विकसित केले. त्यांच्या परंपरेतील नॅन्सी फिनी यांनी १९६८ मध्ये पालकांसाठी लिहिलेल्या पुस्तकाचा रोख साधा होता. मुलाला उचलणे, भरविणे, न्हाऊ घालणे, कपडे घालणे हाच उपचार. ज्या मुलाचे पाय कात्रीसारखे आवळतात त्याला दोन्ही पाय फाकवून कमरेवर घ्यावे, असा सल्ला त्या परंपरेत दिला जातो. मराठी आई मुलाला ‘कडेवर’ घेते ती नेमकी हीच रीत. लंडनमध्ये शिकवावी लागणारी गोष्ट नगरच्या वाडीवस्तीवर रोजच्या व्यवहारात होती. मोठे झाले म्हणून त्या मुलाला कडेवरून उतरवून झोळीत किंवा गोधडीवर ठेवले गेले की तिचा लाभ संपे.

बोबाथ तंत्रालाही अखेरचा शब्द मानता येत नाही. इओना नोव्हाक व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये केलेल्या संशोधन-आढाव्यात उपचारकाच्या निष्क्रिय हाताळणीपेक्षा मुलाने स्वतः, ठरावीक उद्दिष्टासाठी, पुनःपुन्हा केलेली कृती आणि घरचा नियमित कार्यक्रम अधिक परिणामकारक आढळला. सेरेब्रल पाल्सीचे निदान सहा महिन्यांच्या आतही करता येते, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्याने दाखविले. पहिल्या दोन वर्षांत मेंदूची घडणक्षमता सर्वाधिक असते. म्हणून वेळ गमावणे हा येथे सर्वांत मोठा अपाय होय.

शीघ्र हस्तक्षेप आणि कोयत्याचा हंगाम

शासनाने हे सूत्र ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथून आरंभिलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात स्वीकारले. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी सिद्ध केलेली घरोघरच्या नवजात बालसेवेची पद्धत ‘आशा’ कार्यकर्तीच्या हाती आधीच आली होती. प्रसूती रुग्णालयात झाली असेल तर ती बेचाळीस दिवसांत सहा वेळा घरी जाते. तपासणी-पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा यावे, विकासातील विलंब, वाकडा पाय, खुब्याचा निखळलेला सांधा यांसारख्या तीस स्थिती ओळखाव्यात आणि मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवावे, अशी ही रचना आहे. कागदावर ती निर्दोष वाटते. परंतु पाथर्डी-जामखेडहून जिल्ह्याच्या ठिकाणी आठवड्यातून दोनदा मुलाला नेणे मजुरी करणाऱ्या आईला शक्य नाही. भाडे मिळाले तरी बुडालेला रोज मिळत नाही. जामखेडच्या आरोग्यसेविकेसारखा, साधे व्यायाम घरी पाहून दुरुस्त करणारा प्रशिक्षित हात या रचनेत अद्याप पुरेसा नाही. आशाच्या कामांची यादी तर आधीच ओसंडून वाहते आहे.

नगर जिल्ह्यापुरता आणखी एक प्रश्न असा आहे की, ज्याची दखल आरोग्याच्या लेखनात क्वचितच घेतली जाते. उत्तरेकडील तालुके उसाचे व कारखान्यांचे. दक्षिणेकडील पाथर्डी, शेवगाव, जामखेड हे ऊसतोडीला माणसे पाठविणारे. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन नवरा-बायकोचा कोयता गाव सोडतो. शाळकरी मुले कधी आजीजवळ राहतात. अंगावर पिणारे मूल आईबरोबरच जाते. म्हणजे ज्या वयात उपचाराचा सर्वाधिक उपयोग, त्याच वयाचे मूल स्थलांतर करते. फडाच्या कडेला झाडाला बांधलेल्या झोळीत ते दिवसभर वळकटीसारखे पडून असते. पहाटे तोडणी आणि रात्री गाडी भरणे यांमध्ये आईने व्यायाम कोणत्या वेळी घ्यावा, याचे उत्तर कोणत्याही पुस्तिकेत नाही. अंगणवाडीतील एक तपासणी या महिन्यांत झाली तर त्या मुलाची तपासणी होतच नाही. आणि ज्या कारखान्याच्या हद्दीत ते कोपीत राहते, तेथील अंगणवाडीच्या पटावर त्याचे नाव नसते.

लोणीसारख्या ठिकाणी साखर कारखाना आणि भौतिकोपचार महाविद्यालय एकाच परिसरात आहेत. विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्य करावे लागते. कारखान्याकडे तोडणी टोळ्यांच्या याद्या असतात. या दोहोंची सांगड घालून हंगामाच्या सुरुवातीलाच दोन वर्षांखालील प्रत्येक मूल पाहता येईल, आणि त्याच्या व्यायामाचे चित्ररूप कार्ड आईबरोबर दोन्ही गावांच्या आशा कार्यकर्तींकडे जाऊ शकेल. त्यासाठी नवी इमारत लागत नाही. कुटुंबे मार्च-एप्रिलमध्ये परततात तेव्हा ऑक्टोबरात चार महिन्यांचे असलेले मूल दहा महिन्यांचे झालेले असते.